पळत आलेला पट्टा

उद्याच्या टप्प्याटप्प्याच्या दौडीसाठी पिशव्या भरत असतानाच वीज गेली. कारखान्याच्या शेडमध्ये काळोख असा पसरला की जवळचा लेथसुद्धा दिसेना. संघाचे पाचही जण जागच्या जागी खिळले. मेणबत्ती कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"झालं! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," पॅकिंगमधली मुलगी पुटपुटली. ती पहिल्यांदाच पळणार होती आणि नेमका रात्रीचा टप्पा तिच्या वाट्याला आला होता. "काका, वीज येईपर्यंत काहीतरी बोला. ही शांतता खायला उठते."

क्रेनवाले काका निवृत्त झाले होते, तरी दौडीच्या आदल्या संध्याकाळी न चुकता येत. उलट्या बादलीवर बसून ते पोरांना सूचना देत राहत.

"बोलतो. पण ही गोष्ट नाही हं, घडलेलं आहे. आमच्या टर्नरचं. याच लेथवर होता तो. आम्ही दोघं वर्षानुवर्षं एका बाकावर डबा खायचो, त्यामुळे मी थाप मारतोय असं समजू नका."

आणि काकांनी सांगायला सुरुवात केली.

डिसेंबरातला दुसरा शनिवार होता. त्या संध्याकाळी टर्नर घरून निघाला तो शांत मनाने. पाण्याची बाटली भरली, मोजे तपासले. बायको दारापर्यंत आली आणि म्हणाली, "माझ्या भावाला सांभाळून घ्या. त्याला ओरडू नका."

"त्याने ओरडायची वेळ आणली नाही तर कशाला ओरडेन?" टर्नर म्हणाला.

मेहुणा तिसरा टप्पा पळणार होता, टर्नर चौथा आणि शेवटचा, पाचवा टप्पा मेस्त्री. मेस्त्रींनीच कारखान्याचा हा संघ उभा केला होता. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते आणि गुडघ्याच्या डॉक्टरने त्यांना सांगून टाकलं होतं, ही दौड शेवटची. मागची दोन वर्षं मेहुणा उशिरा पोचला म्हणून संघ टर्नरच्याच नाक्यावर, म्हणजे पट्टा त्याच्या हाती यायच्या जागी, बाद झाला होता. नियम साधा होता. नाक्याचं गेट पावणेतीनला बंद व्हायचं. तोपर्यंत पट्टा पुढे निघाला नाही, तर संघ तिथेच संपला. दोन्ही वर्षं मेस्त्री वर टेकडीवरच्या शाळेपाशी, अंगात जर्सी घालून, पहाटेपर्यंत वाट पाहत बसले होते. दोन्ही वर्षं त्यांना न पळताच गाडीत बसावं लागलं होतं.

"उस्ताद," टर्नरने त्यांना शब्द दिला होता, "या खेपेला तुम्ही पळणार."

आता पट्ट्याविषयी ऐका. बाकीचे संघ काठी घेऊन पळतात, आपला संघ कापडी पट्टा खांद्यावरून आडवा घेतो. गणवेशाचंच कापड. आणि मेस्त्रींनी घालून दिलेली रीत अशी की टप्पा संपवताना पळणाऱ्याने पट्ट्याच्या टोकाला एक गाठ मारायची. अंधारात दिवे डोळ्यांवर येतात, चेहरा ओळखू येत नाही. म्हणून तोंड बघत बसायचं नाही, गाठी चाचपायच्या. तिसऱ्याकडून चौथ्याला तीन गाठी. अंगठ्याला तीन लागल्या की सुटायचं. या रीतीवर मेस्त्रींचा भारी जीव होता.

नाका म्हणजे बंद पडलेला पेट्रोल पंप. संघाची गाडी चालवणाऱ्या वेल्डरने टर्नरला तिथे उतरवलं, मेस्त्रींना वर पोचवलं आणि तो मेहुण्याच्या मागे गेला. छपराखाली टेबल मांडून कानटोपी घातलेला पंच बसला होता. एकेक संघ आला, बदल झाला, गेला. टाळ्या, शिट्ट्या, पावलं. मग ते सगळं दूर गेलं आणि टर्नर एकटा उरला.

अडीच वाजून गेले. मेहुण्याचा पत्ता नाही.

थंडीने पायाचे गोळे आखडायला लागले. टर्नर जागच्या जागी उड्या मारत राहिला. कपाळावरचा दिवा लावून पाहिला तर मिणमिणता. आठवून पाहिलं तर कळलं, बॅटरी गेल्या आठवड्यात मेहुण्यानेच नेली होती आणि परत आणली ती अर्धी संपवूनच! अंगाचा नुसता तिळपापड. जन्मात एक काम वेळेवर केलं नाही या माणसाने. स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा आला होता, तो दौडीला काय येणार? ओरडू नका म्हणे!

"तुमचा माणूस येतोय का चालत?" पंचाने विचारलं.

"रांगत," टर्नर म्हणाला.

पंच हसला. मग त्याने घड्याळ बघितलं आणि त्याचं हसू थांबलं. उठून तो गेटाच्या साखळीकडे गेला.

टर्नर रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. वर टेकडीवर एकच दिवा दिसत होता. शाळेचा. तिथे उस्ताद जर्सी घालून बसले असतील. सलग तिसऱ्या वर्षी. टर्नरने रागाने रस्त्यावर पाय आपटला.

तेवढ्यात पावलं वाजली.

अंधारातून कुणीतरी येत होतं. दिवा नव्हता. धापही ऐकू येत नव्हती, फक्त पावलं. हात पुढे झाला. टर्नरने पट्टा हिसकावला, अंगठ्याने टोक चाचपलं. एक, दोन, तीन.

"लाज वाटते का रे थोडी तरी?" तो ओरडला आणि सुटला. मागे पंचाची शिट्टी वाजली, साखळी खळखळली. गेट बंद.

सुटलो बुवा, असं त्याला वाटलं. पण राग काही उतरेना. पट्टा ओलाचिंब होता आणि बर्फासारखा गार. म्हणजे हा बाबा वाटेत अंगावर पाणी ओतून घेत बसला होता! इकडे जीव टांगणीला आणि तिकडे याची आंघोळ.

तलावाच्या वळणाशी त्याच्या लक्षात आलं की पावलं थांबलेली नाहीत. मागून येतच आहेत.

"आता कशाला येतोयस?" तो मान न वळवता म्हणाला. "तुझा टप्पा संपला. गाडीत बस जा."

पावलं येत राहिली.

"बहिणीला मी काही सांगणार नाही. जा म्हटलं ना!"

टर्नरने वेग वाढवला. पावलांनीही वाढवला. त्याने कमी केला...

त्यांनीही.

मग मागून गाडीचा उजेड पडला आणि पावलं एकदम थांबली. वेल्डरने गाडी शेजारी घेतली, काच खाली केली. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता.

"तू कसा काय निघालास?"

"पळत! अजून कसं निघतात?"

"भावोजी," मागच्या सीटवरून आवाज आला. मेहुणा. घोट्याला फडकं बांधलेलं. "मी खाणीच्या रस्त्याला चुकून वळलो. पाय मुरगळला. यांनी मला तिथून उचललं. पट्टा हा माझ्याकडेच आहे."

त्याच्या हातात खरोखरच संघाचा करडा पट्टा होता. कोरडा.

टर्नर थांबला. आपल्या खांद्याकडे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. गाडीच्या उजेडात कापड निळं दिसत होतं.

"पंच म्हणतो," वेल्डर हळू आवाजात म्हणाला, "तुझ्यासमोर त्याला कुणी दिसलंच नाही. तू हात पुढे केलास आणि सुटलास. खांद्यावर पट्टा दिसला म्हणून त्याने शिट्टी मारली." त्याने निळ्या कापडाकडे बोट केलं. "आपला गणवेश निळा कधी होता रे?"

"उस्तादांच्या तरुणपणी."

गाडीचं इंजिन तेवढं चालू होतं. मागे रस्ता रिकामा होता. अगदी रिकामा.

"भावोजी, हा घ्या," मेहुण्याने करडा पट्टा खिडकीतून पुढे केला. "कोण बघतंय? तो टाका तलावात."

आणि इतका वेळ दाबलेला टर्नरचा राग उफाळून आला. "गाडीतून आलेला पट्टा घेऊ? उस्तादांच्या हातात देऊ? तीन वर्षं झाली! तीन वर्षं ते थंडीत बसतायत तुझ्या पायी!" त्याने निळं टोक मुठीत आवळलं. "कुणाचा का असेना. हा निदान पळत आलाय."

तो निघाला. वेल्डरने गाडी जागेवरच ठेवली. पुढे न्यायची त्याची छाती झाली नाही, हे त्याने मला स्वतः सांगितलं.

गाडीचा उजेड मागे पडला, आणि पावलं पुन्हा सुरू झाली.

या वेळी जवळून.

टर्नर ओरडला नाही. चढ लागला. कपाळावरचा दिवा विझला. डांबराची कड तेवढी कळत होती. पावलं आता शेजारी होती. श्वास नव्हता. नुसती पावलं. त्याच्या पावलात पाऊल मिळवून...

शाळेचा दिवा जवळ आला. गाठ मारायची वेळ झाली. त्याने टोक हातात घेतलं. अंगठ्याने चाचपलं.

एक.

दोन.

तीन.

...चार.

त्याने गाठ मारली नव्हती.

मेस्त्री फाटकात उभे होते, हात पुढे करून. टर्नरने पट्टा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी सवयीने टोक चाचपलं. मग त्यांना ओलावा जाणवला. त्यांनी कापड दिव्याखाली धरलं, आणि मान वर केली. पण टर्नरकडे नाही. त्याच्या खांद्यावरून, मागे.

"आलास?" मेस्त्री म्हणाले.

एवढंच. मग पट्टा खांद्यावर टाकून ते पळाले. गुडघे दुखणारा माणूस असा पळतो का? टर्नर तिथेच पायरीवर बसला. उतारावर दोघांची पावलं ऐकू येत होती. बराच वेळ.

एवढं सांगून काका बादलीवर सरकून बसले.

"मग? जिंकले का?" स्टोअरमधल्या पोराने विचारलं.

"कसले जिंकतात! पट्ट्याचा रंग नोंदवलेला तो नाही म्हणून निकालच धरला नाही. टर्नर महिनाभर चरफडत होता. मेस्त्रींना त्याचं काहीच नव्हतं. ते पळाले होते ना. तो कोण होता, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की तलावाच्या दिशेला बघायचे. पट्टा त्यांनी स्वतः धुतला, वाळवला आणि लेथमागच्या खिळ्याला टांगला. म्हणाले, याला कुणी हात लावायचा नाही. आणि आपली ती रीत बदला. आधी तोंड बघा, मग गाठी."

पॅकिंगमधली मुलगी सावरून बसली. "म्हणजे उद्या माझा माणूस कितीही उशिरा आला, गेट बंद होत असलं, तरी..."

"तरी. राग आला की माणूस समोरचं तोंड बघत नाही, पोरी. तेवढंच लक्षात ठेव."

"आणि तो पट्टा?"

"तुझ्या पाठीमागेच आहे. गाठी मोजू नकोस. दर दौडीनंतर सकाळी शेड उघडली की एक वाढलेली असते. दाराला बाहेरून कुलूप असतं. गाठ ओली असते, आणि इतकी घट्ट की पक्कडीनेही सुटत नाही. दुपारपर्यंत वाळते. आम्ही आता त्यावर बोलत नाही."

कुणीतरी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

वीज आली. सगळ्यांनी डोळे मिचकावले आणि मग सगळ्यांनीच लेथमागे बघितलं. खिळ्याला पट्टा होता, विटका निळा. टोकाशी गाठींची माळ. वरच्या सगळ्या गाठी कोरड्या, धूळ बसलेल्या.

सगळ्यात खालच्या गाठीतून पाणी ठिबकत होतं.

काका बादलीवरून उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

दौड अजून उद्या होती.