दोन बोटं माया

माझ्या हर्षालीआत्याचं जुन्नरच्या बाजारपेठेत ब्लाउजचं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथं हुक लावायला बसते. एका दुपारी दाढी गुळगुळीत घोटलेला एक उंच माणूस दारात आला.

"टेलर मॅडम, मावशीचा ब्लाउज झाला?"

"झालाय. पण मावशीलाच पाठवा. फिटिंग बघायचंय," आत्या मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "फोनवर लई ठसक्यात बोलत व्हत्या... अन् माप काय दिलंय, खांदा पैलवानाचा!"

त्यानं नसलेला पदर खांद्यावर टाकला, कमरेत मुरका मारला — "अगं बया! मग बघ की फिटिंग, हर्षाले!"

माझी हुकांची डबीच सांडली. सुंदरामावशी! तमाशातली मावशी करता करता टीव्हीवर गेलेली, दर रविवारी भल्याभल्या पाहुण्यांची फिरकी घेणारी आपली सुंदरामावशी — म्हणजे हा दारातला माणूस! वारूळवाडीचा आदेश, असं मागून कळलं. परवाच एका पाहुण्यानं विचारलं, "मावशी, लग्न का नाही केलं?" तर म्हणते, "भाकरी करता येणारा नवरा घावला न्हाई!" आमचा अख्खा वर्ग तिच्यावर फिदा आहे. साडी नेसून तो बाईची टिंगल करत नाही हो, बाईच्या मनातलं बोलतो.

मग काय... दर पंधरा दिवसांनी त्याला नवा ब्लाउज लागायला लागला.

"बाही तंग झालीय, मॅडम."

"बाही न्हाई, तुमी फुगलाय."

"तुम्हाला बघून फुगतो... त्याला काय करू?"

आत्या टेपमागं लपून हसायची. मला दिसायचं!

दिवाळीनंतर त्यानं आजोबांना रीतसर विचारलं. सोमाजीआजोबा म्हणाले, "पोरगा गुणी हाय. पण जावई साडीत? आधी साडी सोड."

दुसऱ्या दिवशी आदेश दुकानात आला. "हर्षाली, आता ब्लाउज नको. शो सोडतोय मी."

आत्यानं शिवलेला ब्लाउज फर्रकन उलटा केला. "हे बघा. शिवणीत दोन बोटं माया ठेवलीय, जादा कापड. सगळ्याच ब्लाउजांत ठेवली. तुमी कितीबी मोठे झालात तरी मावशीला बसावा म्हणून. मावशीला सोडणार असाल, तर मलाबी सोडा."

"आणि... आदेशसाठी?"

"त्याच्यासाठीबी माया हाय की," आत्या हळूच म्हणाली. "दिसत न्हाई... आतल्या अंगाला असती."

रविवारी आजोबा — आत्या त्यांना दादा म्हणते — नेहमीसारखे खुर्ची ओढून टीव्हीपुढं बसले. आत्यानं रिमोट काढून घेतला.

"अगं, मावशी लागायची वेळ झाली!"

"मावशी बंद व्हणार, दादा. तुमीच सांगितलं ना?"

आजोबांनी कोऱ्या पडद्याकडं बघितलं. डोकं खाजवलं. टोपी सारखी केली.

"लाव गं ते... अन् त्याला एक इचार."

"काय?"

"भाकरी येती का!"

आत्या लालेलाल झाली. "येती, दादा... म्या कवाच इचारलंय."