कोपऱ्यातल्या पडद्याची गाठ

परतूरच्या बाजारात मी माझ्या लेकीसाठी, अर्पितासाठी, शेवंतीची वेणी मागितली, तर शेजारून कुणीतरी म्हणालं, "दसऱ्याला या. आमची फुलं रुसून बसल्यात."

ते सोमेश्वर. त्यांच्या पॉलिहाऊसमध्ये नुसती पानंच, कळीचा पत्ता नाही. माझं शिक्षण शेतीचं. पुढच्याच आठवड्यात मी तिथं कामाला लागले. नवरा गेल्यापासून भाऊ पुण्याला बोलवत होता. दसऱ्यापर्यंत इथं जम बसला नाही, तर मी जाणार होते.

शेवंतीला लांब रात्र लागते, म्हणून सोमेश्वर दुपारी चारलाच वाफ्यांवर काळे पडदे ओढत.

"रोज झाडांचं तापमान लिहिता, मॅडम. माझं कवा बघणार?"

"तुमचं चढलेलं... लांबूनच दिसतंय."

पडद्यांखाली रात्रभर बत्तीस अंश. त्या उकाड्यानं कळ्या अडल्या होत्या. फक्त कोपऱ्यातल्या वाफ्यात बावीस – आणि तिथं कळ्या. रोज सकाळी तिथल्या पडद्याचं टोक वर बांधलेलं असे.

"बरं करता, वारा लागू देता," मी म्हणाले.

"म्या? मला वाटलं, तुम्हीच बांधून राह्यल्या."

रात्री दाराला कुलूप असे.

"मावशी बांधते," अर्पिता म्हणाली. "तिला आत उकडतं."

मी तिला उचलून घट्ट धरलं. कोपऱ्यात कुणीच नव्हतं. वारा नसताना पानं हलत होती...

सोमेश्वरनी गाठीला हात लावला. डावीकडून दोन वेढे. "अशी गाठ माझी बायकोच मारायची, शिवकन्या. तीन वर्षं झाली... तापात गेली. सारखी म्हणायची, पडदा उघडा."

त्याच दिवशी पुण्याला निघावं, असं वाटलं. पण त्या कळ्या! आम्ही अंधार पडला की सगळेच पडदे वर बांधू लागलो.

दसऱ्याच्या सकाळी सगळे वाफे पिवळेधमक.

"बसला का जम, मॅडम?"

"फुलांचा बसला."

"अन्... माझा?"

"तुम्ही विचारलंय कुठं?"

"थांबा मंग. दोघी."

लाज लपवायला मी पाठ फिरवून जवळचा पडदा बांधला. बोटं आपोआप फिरली – डावीकडून दोन वेढे. मला ती गाठ कुणी शिकवली नव्हती.

सोमेश्वर गाठीकडे बघत राहिले... मग माझ्याकडे.

अर्पिता रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हात हलवत होती. "मावशी चालली."

माझ्या मनगटाला गार काहीतरी चाटून गेलं.

"थांबते," मी म्हणाले.