चौसष्टावा मुद्दा

सदर्न क्रॉस गावच्या पेट्रोल पंपावर चारुताला ठसका लागला आणि तिच्याभोवतीचे सगळेजण दोन पावलं मागे सरकले.

दोष लसूण शेवेचा होता. ऑस्ट्रेलियातला पर्थ ते कालगुर्ली हा सहा-सात तासांचा रस्ता, दुसऱ्या दिवशी नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि तोंडाला चाळा हवा म्हणून शेजारच्या सीटवर उघडी पुडी. पण २०२१चा मे महिना. पर्थचा लॉकडाऊन नुकता कुठे उठलेला. अशा दिवसांत चारचौघांत खोकणाऱ्या बाईला शेवेचं कारण कोण विचारणार? एका आजीबाईंनी नाकाखाली गेलेला मास्क घाईघाईने वर ओढला, पैसे घेणारा मुलगा काचेआड गेला, आणि चारुता डोळ्यांत पाणी आणून खोकतच राहिली.

पुढे आला तो एकच जण. चिनी वाटणारा, उंच, हातात स्टीलचा थर्मास. त्याने झाकणात वाफाळतं पाणी ओतलं, ते तिच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि दोन पावलं मागे झाला.

"सावकाश पी. गरम आहे."

दोन घोटांनी ठसका थांबला. "तुला भीती नाही वाटत?" तिने विचारलं.

"गेल्या वर्षी मी दुकानात शिंकलो, तर अख्खी रांग माझ्यापासून लांब गेली. तेव्हापासून कोणी खोकलं की मी पळून जात नाही." तो हसला असावा. मास्क असला की हसू डोळ्यांवरूनच ओळखावं लागे. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो बोलत बोलत गाडीत बसला आणि गेलासुद्धा. झाकण चारुताच्या हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सोन्याच्या खाणीच्या ऑफिसात डेब नावाच्या मॅनेजरने तिला एका टेबलाशी नेलं. "हा विन्स. पुढच्या महिन्यात चीनला परत जातोय. त्याचं काम आता तुझं." टेबलावर एक थर्मास होता. बिनझाकणाचा.

चारुताने पर्समधून झाकण काढून त्यावर बसवलं. डेबला काहीच कळलं नाही, आणि त्या दोघांनी तिला काही सांगितलंही नाही.

विन्स हे नाव ऑफिसच्या सोयीचं. खरं नाव तान वेनहाव, हे तिला चौथ्या दिवशी कळलं. बोलणं इंग्रजीत चालायचं, पण तिच्या मनात ते पहिल्यापासून मराठीत उतरायचं, आणि तेही 'तू' म्हणूनच. 'तुम्ही' म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतंच.

कंपनीने हँडओव्हरसाठी एक यादी केली होती. चाळीस मुद्दे. त्याने मुद्दा शिकवायचा, आणि तिला तो समजला की समोरच्या रकान्यात तिने तारीख घालून सही करायची. सगळ्या सह्या झाल्या की तो मोकळा. सरळ काम होतं. अकराव्या मुद्द्यापर्यंत ते सरळ चाललंही.

बारावा मुद्दा होता मिलचा. मिल म्हणजे दगड भरडणारं दुमजली उंचीचं फिरतं पिंप. त्यात दगड जास्त झाले की ते गुदमरतं, आणि स्क्रीनवरच्या आकड्यांना ते बऱ्याच उशिरा कळतं.

"कठड्यावर हात ठेव," वेनहाव म्हणाला. "कानात बोळे असतात, म्हणून हाताने ऐकायचं. घास मोठा झाला की माणूस बोलायचा थांबतो ना? तसं. थरथर कमी झाली की समजायचं."

तिने हात ठेवला. कोरोनाच्या नियमाप्रमाणे बरोबर दीड मीटरवर त्याचा हात होता. लोखंडी कठड्यातून एकच थरथर दोघांच्या तळव्यांत येत होती.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"चिलीत, एका म्हाताऱ्या ऑपरेटरने. आमच्या कॉलेजच्या वर्गातले तीस जण आता कुठे कुठे आहेत. कॅनडा, काँगो, पेरू... जो तो कुणाचं तरी शिकतो आणि दुसऱ्या देशात नेऊन देतो. परत जाणाऱ्यांना आमच्याकडे समुद्रातली कासवं म्हणतात. शेवटी आपल्याच किनाऱ्यावर येतात ना ती."

"अंडी घालायला येतात," चारुता म्हणाली. "तुझा काय विचार आहे?"

त्याचे कान लाल झाले. "माझा... किनारा अजून नक्की व्हायचाय."

"चीनमधली, चांग्शाची नोकरी पक्की आहे ना?"

"नोकरी पक्की आहे. आई दोन वर्षं वाट बघतेय, तेही पक्कं आहे." त्याने यादी पुढे केली. "मग? बारावा मुद्दा कळला?"

कळला होता. अगदी लख्ख कळला होता. तरी चारुता म्हणाली, "नाही... अजून नीट नाही कळला." आणि आपण असं का म्हणालो, हे तिला घरी पोचेपर्यंत उमगलं नाही.

तिथून सगळा घोळ सुरू झाला. जून गेला, जुलै गेला, चारुताची सही अकरावरच अडली. त्याच्या विमानांचंही तेच. सिडनीहून चीनला जाणारं विमान एकदा रद्द झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं, आणि दर वेळी तो "वाईट झालं" म्हणायचा आणि ती "खरंच" म्हणायची. दोघांचेही चेहरे मात्र वाईट झाल्यासारखे दिसत नसत.

आणि यादी वाढायला लागली. एक्केचाळीस, पंचेचाळीस, पन्नास. सत्तेचाळिसावा मुद्दा वाचून तर चारुताचा पारा चढला: 'कँटीनच्या किटलीतलं पाणी का पिऊ नये.'

"मला इतकी मठ्ठ समजतो तो?" ती सुमेधावर उखडली. सुमेधा मुंबईची, कालगुर्लीच्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि चारुताची रूम-पार्टनर.

"अगं, तू अकराव्यानंतर एकही सही केली नाहीस. तो बिचारा काय समजणार? करून टाक ना साइन."

"साइन केलं की तो जातो."

"आणि नाही केलंस तर?"

"तर मी जाते. सप्टेंबरमध्ये प्रोबेशन संपतंय. नोकरी गेली की व्हिसाचंही अवघड आहे."

"इकडे आड, तिकडे विहीर. मग त्याला सरळ सांग ना, मेट." मैत्रिणीला 'मेट' म्हणायची ऑस्ट्रेलियन सवय सुमेधाला लागली होती.

"काय सांगू? त्याची आई तिकडे दिवस मोजतेय. त्या दोघांच्या मध्ये येणारी मी कोण?" सुमेधाने मग चिडवणं थांबवलं आणि चहा टाकला.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी डेबने दोघांना समोर बसवलं. "चाळीसचे त्रेसष्ट झाले, आणि सह्या अकरा. म्हणजे एकतर याला शिकवता येत नाही, नाहीतर हिला शिकता येत नाही. शुक्रवारी आर्वोला, दुपारी तीनला, मिल चारुता एकटी चालवेल. जमलं तर विन्स सुटला. नाही जमलं तर मला दुसरं माणूस शोधावं लागेल. नो वरीज?"

वरीज तर दोघांच्या चेहऱ्यांवर मावत नव्हत्या.

शुक्रवारी तीन वाजता चारुताने कठड्यावर हात ठेवला. वेनहाव आणि डेब लांब, जिन्यापाशी उभे. पाऊण तास सगळं ठीक होतं. मग तळव्यातली थरथर हळूहळू मंदावली. स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे होते. आता गप्प राहिलं तर... तर तो कदाचित आणखी महिनाभर राहील. हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण त्याने शिकवलेलं विसरल्याचं सोंग तिला आणता येईना. चिलीतल्या कुठल्याशा म्हाताऱ्याकडून तिच्यापर्यंत आलेली ती गोष्ट होती. तिने रेडिओ उचलला. "दगडांचं फीड कमी करा. लगेच."

दहा मिनिटांनी मिल पुन्हा मोकळी झाली. डेब खूश होऊन निघून गेली.

"हे तुला कधीपासून येतंय?" वेनहावने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग सही का नाही केलीस?"

"तू यादी का वाढवत होतास?"

"राहिलेले मुद्दे होते."

"किटलीचं पाणी?"

"तो... महत्त्वाचा मुद्दा आहे." आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले. चारुताला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. तो दीड मीटरचा हिशेब मोडून पुढे आला. "चारुता, मला तू आवडतेस. फार आवडतेस. तू म्हणालीस तर मी..."

"मलाही," ती घाईने म्हणाली. "म्हणूनच म्हणते, जा. आई वाट बघतेय."

त्याने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते तिला कळलं नाही.

त्या संध्याकाळी तिने त्रेसष्टच्या त्रेसष्ट मुद्द्यांवर सह्या केल्या. मग खाली आपल्या अक्षरात लिहिलं: '६४. चारुता "जा" म्हणते तेव्हा तिला "जाऊ नको" म्हणायचं असतं, हे ओळखणे. शिकवणार: चारुता. शिकणार: वेनहाव.'

कालगुर्लीच्या छोट्याशा विमानतळावर तिने ती यादी लिफाफ्यात घालून त्याच्या हातात दिली. "तुझी एक सही राहिली आहे." त्याने खिडकीशी जाऊन, पाठमोरं उभं राहून वाचलं, लिहिलं आणि लिफाफा परत दिला. "डेबला देण्याआधी बघ." मग थर्मासचं झाकण काढून तिच्या हातात ठेवलं आणि बिनझाकणाचा थर्मास घेऊन गेला. आणि तीनदा रद्द झालेलं सिडनीहून चीनला जाणारं विमान चौथ्यांदा नेमकं वेळेवर सुटलं.

ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याआधी, विमानतळाबाहेर गाडीत बसून तिने लिफाफा उघडला तेव्हा तिला एवढंच दिसलं की चौसष्टाव्या मुद्द्यापुढे वेनहावने सही केली आहे. तारीख मात्र आजची नव्हती. एकोणीस मे होती. कठड्यावर पहिल्यांदा हात ठेवून ती "नीट नाही कळला" म्हणाली होती, तो दिवस.

म्हणजे त्याला माहीत होतं. चार महिने, प्रत्येक मुद्दा वाढवताना, माहीत होतं.

आणि त्याच्या सहीखाली त्याने एक नवा आकडा घातला होता. ६५. पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

चारुताने झाकण मांडीवर घेतलं. यादी अजून संपलेली नसताना हँडओव्हर पूर्ण झाला असं डेबला सांगायचं तरी कसं, हे काही तिला समजेना.