चार बोटं रुंद पट्टा

"हा झुला तुमचाच ना?"

मशीनवरून मान वर केली, तर दुकानाच्या दारात एक उंच माणूस. केसांत वाळलेलं पान, हातात मी शिवलेला निळा कापडी झुला आणि कपाळावर ही मोठी आठी.

"माझाच. शिवण बघा, हत्ती बसला तरी उसवायची नाही!"

"शिवण नाही उसवली... झाड सोललं गेलंय."

तो सार्वजनिक बागेतली झाडं सांभाळायचा. बागेत झुले आणि ताडपत्र्या टांगायला कायमची बंदी घाला, असं तो वरिष्ठांना सांगणार होता. मी तर दोन्ही शिवते! सगळ्या मेहनतीवर पाणीच फिरणार होतं. तणतणत त्याच्यामागे गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू? पण झाड पाहिलं आणि भांडण विसरूनच गेले. गिऱ्हाइकानं झुल्याला बारीक नायलॉनची दोरी लावली होती. ती सालीत रुतून खोडाभोवती ओली खाच पडली होती. तो त्या खाचेवरून इतक्या हळुवारपणे बोट फिरवत होता, की... तिथंच आवडला मला. सांगितलं मात्र नाही.

"दोरी गिऱ्हाइकाची," मी म्हणाले, "पण झुला माझा. उद्यापर्यंत थांबा. सालीला ओरखडा आला, तर खुशाल बंदी घाला."

दुसऱ्या दिवशी मी चार बोटं रुंद, दुहेरी कापडाचे पट्टे घेऊन हजर! दोन खोडांना दोन पट्टे सपाट बसले. झुल्याची दोरी पट्ट्याच्या फासाला, सालीला तिचा स्पर्शही नाही.

"वजन ठेवून बघू. खताची पोती आणतो."

"माझ्या झुल्यात खत? मी बसते."

"तुमच्या एकटीचं वजन ते कितीसं—"

"मग तुम्हीही बसा ना!"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण तो बसलाही! झुल्याचा स्वभावच असा, की दोघं दोन टोकांना बसले तरी मध्येच येतात. खांद्याला खांदा लागला. त्याचे कान लाल झाले. माझं तर विचारूच नका.

तो अधूनमधून उतरायचा, पट्ट्याची कड उचलून साल बघायचा आणि "अजून थोडा वेळ..." म्हणत परत बसायचा. बघता बघता ऊन कललं.

शेवटी मीच उतरून पट्टे सोडले. साल जशीच्या तशी. ना खाच, ना ओरखडा! अभिमानानं ऊर भरून आला माझा.

"बोला आता. बंदी?"

"छे! पट्टा असेल तर झुलाही चालेल, ताडपत्रीही. वरिष्ठांना तसंच सांगतो." मग जमिनीकडे बघत तो म्हणाला, "खरं म्हणजे... पहिल्यांदा उतरलो, तेव्हाच कळलं होतं."

"मग परत परत बसलात कशाला?"

"तुम्ही आवडलात म्हणून."

 मी मान ताठच ठेवली. "मला तर बसायच्या आधीच ठाऊक होतं. माझं काम मला माहीत नसणार?"

"मग तुम्ही का बसलात?"

मी पट्टा उचलून पुन्हा खोडाभोवती घेतला.

"हे टोक धरा," म्हणाले, "बसल्यावर सांगते."