चार बोटं बर्फ

चिकलठाण्याहून ढगांत रसायन पेरायला जाणारं ते छोटं विमान त्या दिवशीही दुपारच्या चहानंतरच निघालं. श्रावण कोरडाठाक चालला होता. "ढगाला मीठ चारतेत म्हणं," असं लोक हसून म्हणायचे. पण विमानाचा आवाज आला की तेच लोक माना वर करायचे. फारूख मागच्या सीटवर बसला. रसायनाची नळकांडी पेटवायची आणि पंखावर बर्फ किती चढला ते कॅप्टनला सांगायचं, एवढंच त्याचं काम.

ही जागा आधी पुंजारामची. वैजापूरकडचा गडी. रानातली ओल मोजावी तसा तो बर्फही खिडकीच्या काचेवर बोटं धरून मोजायचा, तेही कडबाकुट्टीत अनामिकेचं एक पेर गेलेल्या हातानं. सगळ्यांना तीच सवय लागली. दोन बोटं झाली की ढग सोडायचा, हा नेम. गेल्या साली आपल्याच गावावर असताना पुंजाराम "एकच बोट हाय, सायेब" म्हणत राहिला आणि विमान पडलं. तो आणि तेव्हाचा कॅप्टन, दोघंही गेले. खाली रेडिओपाशी बसलेल्या फारूखनं ते ऐकलं होतं. पुंजाराम खोटं का बोलला तेही त्याला कळलं होतं. तो कुणापाशी बोलला नाही.

त्या सकाळी बायको फहमिदा म्हणाली होती, "वैजापूरला अम्मीच्या रानात कपाशी जळायली. तिथं वर जरा जास्त थांबा ना."

वैजापूरवर ढग काळाभोर होता. आत शिरताच पुढच्या काचा पांढऱ्या झाल्या, जळक्या रसायनाचा वास कोंडला. कॅप्टननं पंखाच्या कडेचं रबर फुगवलं. कडेचा बर्फ फुटला, त्यामागचा तसाच चढत राहिला. विमान थरथरू लागलं. तीन बोटं... चार. फारूखला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आतून सगळं बधिर झालं होतं.

"किती, फारूख?"

"एकच बोट, साहेब..."

त्याच क्षणी विमानाचं नाक खाली गेलं. कॅप्टननं ऑटोपायलट काढला, पंखामागच्या झडपांना, फ्लॅपला, हात लावला नाही, वेग सांभाळत विमान ढगाखाली आणलं. उबदार हवेत बर्फाचे ढलपे सुटून पत्र्यावर आदळत राहिले.

उतरल्यावर कॅप्टननं त्याचा खांदा घट्ट धरला. "आधी एक म्हणालास. पण मग ओरडलास, 'चार बोटं हाय, सायेब, उतरा...' म्हणून वाचलो."

फारूख ओरडला नव्हता.

तो पंखापाशी गेला. भर उन्हात, खिडकीसमोर बर्फाचा एक ढलपा अजून चिकटून होता. त्यात चार बोटं रुतल्याच्या खुणा होत्या. करंगळीशेजारची एका पेरानं आखूड. फारूख बघत राहिला. मग बर्फ वितळून खाली गळाला.

वैजापूरला पाऊस झालाच नाही. पण त्या दिवसापासून रोज सकाळी फारूखच्या उशाकडची गादी ओली असते. वर छप्पर कोरडं, फारूखही कोरडा. फहमिदा शेतकऱ्याची लेक. एकदा तिनं उसवल्या शिवणीतून कापसात बोटं खुपसून पाहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "चार बोटं ओल हाय..."