माझ्या बाजूची ऊब

हे घडलेलं आहे. माझ्यासोबत घडलेलं आहे, मैत्रिणीच्या मैत्रिणीसोबत नाही.

आधीच सांगते, मी घाबरट नाही. रोज सकाळी पन्नास-साठ माणसांच्या हाताच्या शिरेत सुई घालते. चांगले धट्टेकट्टे पुरुष माझ्यासमोर चक्कर येऊन पडलेत. मी त्यांच्या तोंडावर पाणी मारते आणि पुढचा नंबर बोलावते.

आणि मध्यरात्र वगैरे काही नव्हती. पाऊस नव्हता, वीजही गेली नव्हती. नोव्हेंबरातला मंगळवार. संध्याकाळचे सहाला दहा कमी. खाली मुलं सायकली फिरवत होती.

घर आमचंच. शहराबाहेरची वसाहत, एकसारख्या वीस इमारती, त्यातल्या एकीचा दुसरा मजला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लग्नाला अकरा वर्षं झालेली. मूल नाही. का नाही, तो विषय इथे नको.

मी लॅबमध्ये रक्त काढते. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक सातच्या आत रांग लावतात, म्हणून मी सकाळी सहाला घर सोडते. नवरा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात. तिथली भट्टी कधी विझवत नाहीत. कोणाला तरी रात्रभर तिच्यापुढे उभं राहावं लागतं, आणि वर्षभरापासून तो कोणीतरी म्हणजे माझा नवरा. सकाळी साडेआठला यायचा, झोपायचा, दुपारी साडेचारला निघायचा. मी सहाला परत. त्याची सुट्टी बुधवारी, माझी रविवारी.

ताई म्हणायची, "तुमचा संसार म्हणजे वॉचमनची खुर्ची गं. एक उठला की दुसरा बसतो."

बाकीचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर. "दूध संपलंय." "गीझर चालू ठेवून जातोस, सांगून थकले." "मग नको सांगूस." असा सगळा गोडवा.

खरं म्हणजे आमचं आधीच बिनसलेलं होतं. मागच्या वर्षी त्याच्या फोनवर पॅकिंग विभागातल्या एका बाईचे फोन वाढले. तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा फोन उघडून बघितला. काही सापडलं नाही. पण त्याने मला बघताना पकडलं.

मी माफी मागितली नाही. काही सापडलं नाही म्हणजे काही नव्हतंच, असं थोडंच आहे? माझ्या खुर्चीत बसून लोक शपथेवर सांगतात, "सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही." आणि रिपोर्टमध्ये साखर चढलेली असते. माणूस खोटं बोलतो. रक्त बोलत नाही. मला रोज हेच बघायला मिळतं.

तर… सप्टेंबरात सुरुवात झाली.

एका संध्याकाळी आले, चप्पल काढली आणि पलंगावर बसले.

गादी गरम होती.

माझी बाजू. भिंतीकडची.

त्याची बाजू थंडगार. तो जाऊन दीड तास झालेला. आणि अंगाची ऊब किती वेळ टिकते हे मला कोणी शिकवायला नको. ती दीड तासापूर्वीची ऊब नव्हती. कोणीतरी नुकतंच उठून गेलं होतं.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? भूत नाही. ती पॅकिंगवाली आली.

दुसऱ्या दिवशी माझा टॉवेल ओला. तिसऱ्या दिवशी माझ्या कंगव्याचं पाणी अजून सुकलं नव्हतं. माझा कप धुऊन पालथा घातलेला, आणि त्याखाली पाण्याचं ताजं वर्तुळ.

त्याचं काही नाही. फक्त माझं.

म्हटलं, सवत आहे ती आहे, वर माझ्याच वस्तू लागतात बाईसाहेबांना! मी केस शोधले. उशीवर, बेसिनमध्ये, गादीखाली. सगळे केस माझेच सापडले.

मी त्याला काही विचारलं नाही. चोराला विचारून कोणी चोरी पकडत नाही. मी समोरच्या इमारतीतल्या शिवणकाकूंकडे गेले. त्या दिवसभर खिडकीत मशीन घेऊन बसतात, आणि त्यांची खिडकी बरोब्बर आमच्या खिडकीसमोर. वसाहतीत कोणाकडे कोण येतं ते त्यांच्या सुईच्या नाकातून गेल्याशिवाय राहत नाही.

"काकू, खरं सांगा. मी नसताना आमच्याकडे कोणी येतं का?"

त्यांनी मशीन थांबवली.

"नाही गं. कोणी येत नाही."

मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"येत नाही कोणी… पण असतं."

"म्हणजे?"

"तुझा नवरा गेला की थोड्या वेळाने स्वयंपाकघरातला दिवा लागतो. मला वाटायचं, तूच लवकर आलीस. मग सहाला बघते तर तू खालून गेटमधून येतेस. आणि सकाळीही तेच. तू गेलीस की सात-सव्वासातला दिवा." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुझ्या नवऱ्यालाही हेच सांगितलं मी."

"त्याला? कधी?"

"गेल्या आठवड्यात. तोही असाच आला होता, कोणी येतं का विचारायला."

म्हणजे तोही माझ्यावर पाळत ठेवून होता. मला, प्रामाणिकपणे सांगते, भीती वाटायला हवी होती. मला राग आला. अकरा वर्षं मी सुईच्या टोकावर संसार केला, आणि हा माझी चौकशी शेजारणीकडे करतो! चोराच्या उलट्या बोंबा.

त्या मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. चारपासून शिवणकाकूंच्या खिडकीत पडद्याआड बसले. आज रंगेहाथ पकडायचं, मग जे व्हायचं ते होऊ दे.

साडेचारला तो निघाला. डबा, जॅकेट, सगळं नेहमीचं. गेटबाहेर गेला.

पाच वाजले. आमच्या जिन्याने कोणी चढलं नाही. जिन्याला एकच दार, आणि ते आमच्या डोळ्यांसमोर.

पावणेसहाला…

स्वयंपाकघरातला दिवा लागला.

काकूंनी माझा हात धरला. "बघ," एवढंच म्हणाल्या.

काचेमागे कोणीतरी नळाशी उभं होतं. चेहरा दिसेना. फक्त मान खाली घातलेली. कप धुवत असावं.

मी उठणार, तेवढ्यात गेटमधून तो आला. माझा नवरा. कारखान्याला गेलाच नव्हता, कोपऱ्यावर उभा राहून दिव्याची वाट बघत होता. वर बघितलंन आणि धावत जिना चढला.

म्हटलं, आता सापडलात दोघं.

मी रस्ता ओलांडला. दोन मजले चढले. दाराशी पोहोचले तेव्हा घड्याळात पाच पन्नास.

आतून त्याचा आवाज येत होता. ओरडत होता.

"कोण येतो इथे? नाव सांग! मला नाव पाहिजे!"



मग… कोणीतरी रडायला लागलं.

बाईचं रडणं. दबलेलं. मी दाराला कान लावला. रडता रडता ती काहीतरी सांगत होती, हळू, बराच वेळ. शब्द कळेनात. मधूनच तो विचारायचा, "आणि हे किती दिवस?" ती सांगायची.

आणि मग तो जे बोलला, ते त्याने मला अकरा वर्षांत कधी म्हटलं नव्हतं.

"रडू नकोस. सांगितलंस ना, झालं. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

मला वाटलं, आता दार फोडून आत जावं. पण किल्ली हातात तशीच राहिली. कारण तेवढ्यात तिचं रडणं थांबलं, आणि थांबताना…

नाक ओढून एक उचकी आली. मग लगेच दुसरी, छोटी.

ते माझं रडणं आहे. लहानपणापासून मी असंच थांबते. ताई अजून त्याची नक्कल करून मला हसते.

मी दार उघडलं.

तो पलंगाच्या कडेला बसला होता. दुलईवर हात ठेवून थोपटत होता. भिंतीकडच्या बाजूला. दुलई फुगलेली होती, डोक्यापर्यंत ओढून कोणी झोपावं तशी.

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य.

"तू बाहेर कधी गेलीस?"

आणि त्याच्या हाताखाली दुलई… हळूहळू सपाट झाली.

मी धावत जाऊन ती ओढली. कोणी नव्हतं. उशीला खड्डा. उशी ओली. गादीला हात लावला, तर इतकी गरम की मी हात मागे घेतला.

शहाणी माणसं असती तर तिथेच एकमेकांचा हात धरून पळाली असती. आम्ही काय केलं?

मी कपाट उघडलं. पलंगाखाली वाकले. बाथरूम बघितलं. "कुठे लपवलीस तिला?"

तो ओरडला, "तू काय खेळ लावलायस? आत्ता इथे होतीस, कोणत्या दारातून गेलीस?"

"मी काकूंकडे होते. चारपासून. विचार जा!"

"काकूही तुझ्याच. मघाशी सगळं कबूल केलंस आणि आता परत नाटक?"

"काय कबूल केलं मी?"

त्याने ओली उशी उचलून परत जागेवर ठेवली.

"अरे बोल ना! काय कबूल केलं?"

"दुसऱ्यांदा ऐकायची ताकद नाही माझ्यात."

मी त्याची कॉलर धरली. शिव्या दिल्या. त्यानेही दिल्या. भूत आमच्या पलंगावर झोपून गेलं होतं, आणि आम्ही दोघं सवत आणि यार शोधत होतो.

शेवटी तो थकून खुर्चीत बसला. माझ्याकडे असं बघितलंन, की मी कोणी ओळखीचीही नाही.

"मघाशी किती चांगली बोललीस," तो म्हणाला. "खरं बोललीस. तशी एकदा जरी बोलली असतीस…"

मी त्याच संध्याकाळी ताईकडे आले. एक पिशवी घेऊन. नेसत्या कपड्यांनिशी म्हटलं तरी चालेल.

मला वाटलं, आठवडाभरात येईल. येऊन विचारेल, निदान भांडेल तरी. मला संसार मोडायचा नव्हता. मला फक्त त्याने एकदा म्हणायला हवं होतं की तू काही केलं नाहीस, मला माहीत आहे. त्याच एका वाक्यासाठी मी फोन उशाशी घेऊन झोपत होते.

पहिला फोन आला तो शिवणकाकूंचा.

"बरं केलंस गं परत आलीस. काल खिडकीतून हात केलास, मीही केला. पण तोंड का फिरवून उभी होतीस?"

मी फोन ठेवला.

तीन आठवडे झाले. एका बुधवारी दुपारी मीच त्याला फोन लावला. त्याची सुट्टी असते. म्हटलं, कपड्यांचं निमित्त करून बोलू. अपमान गिळायची तयारी ठेवली होती.

त्याने उचलला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "हां."

"मी बोलतेय. माझे कपडे न्यायला यायचं होतं."

"आत्ता नको."

"का?"

"घरी आहे ती. झोपली आहे."

शेवटी खरं निघालं तर! "कोण ती? पॅकिंगवाली?"

तो म्हणाला, किती शांतपणे सांगू… "बायको."

"अरे, मी बोलतेय! मी! ताईकडून!"

"हळू बोल. ती उठेल." आणि मग, समजूत घातल्यासारखा, "हे बघ. ती भांडत नाही. काही विचारत नाही. मी काही विचारलं तर खरं सांगते. आम्ही आता नीट आहोत. तू फोन करत जाऊ नकोस."

"तू तिचं तोंड बघितलंयस का कधी?"

मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"ती भिंतीकडे तोंड करून झोपते," तो म्हणाला. "मी वळवत नाही."

तेवढ्यात मागून पलंग करकरला.

आणि झोपेतून उठल्यावर जसा असतो तसा जड, माझा आवाज…

"कोण आहे रे फोनवर?"

तो पटकन म्हणाला, "कोणी नाही गं. चुकून लागलाय." आणि फोन कट झाला.

ताईला मी अर्धंच सांगितलं. ती म्हणते, सरळ आहे, बाई आणून ठेवली आहे त्याने. भाऊजी तर बाह्या सरसावून बसलेत. म्हणतात, चार माणसं घेऊन जाऊ, दार उघडायला लावू, समोरासमोर होऊन जाऊ दे.

मी नको म्हणते. त्यांना वाटतं, मला अब्रूची काळजी आहे.

मला दुसरीच काळजी आहे. दार उघडेल. चार माणसं आत जातील. मी इकडे उभी असेन, ती तिकडे. कोणीतरी त्याला विचारेल की यातली तुझी बायको कोणती.

तो कोणाकडे बोट दाखवेल, ते मला माहीत आहे.