अंधबिंदूचा नकाशा

कागदावर डावीकडे एक फुली आणि उजवीकडे बोटाच्या पेराएवढा काळा ठिपका, एवढंच त्या प्रयोगाचं सामान. धाकटी ज्या कचेरीत कामाला होती, तिथं मुलांनी घरच्या घरी करायच्या विज्ञानप्रयोगांची पत्रकं निघत. तिथला नियम असा, की पत्रक छपाईला जाण्याआधी लिहिणाऱ्यानं प्रयोग स्वतःच्या घरी, तीन माणसांवर, तीन-तीन वेळा करून पाहायचा. धाकटीच्या घरात माणसं मोजून तीनच होती: ती, आई आणि अप्पा. थोरली लग्न होऊन गेली त्याला सात वर्षं झाली, तरी धाकटी धाकटीच राहिली होती.

शनिवारी सकाळी तिनं आधी आईला धरलं.

"डावा डोळा झाक. उजव्यानं फुलीकडेच बघ. आता कागद हळूहळू जवळ आण."

"अगं बाई, ठिपका गेला की!" आईनं कागद आणखी जवळ आणला. "आला परत. काय जादू आहे का?"

"जादू कसली? डोळ्यातून नस जिथून बाहेर पडते, तिथं बघायची सोयच नसते. तेवढं भोक प्रत्येकाला असतं. त्याला अंधबिंदू म्हणतात. मेंदू आजूबाजूचा रंग उचलून तिथं ठिगळ लावतो, म्हणून आपल्याला कळत नाही. आणि एका डोळ्याचं भोक दुसरा डोळा भरून काढतो."

"तुझ्या अप्पांना समोरची मिठाची बरणी दिसत नाही. त्यांचं भोक केवढं असेल?"

"माझ्यावर कर प्रयोग," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "मला डोळा झाकायचेही कष्ट नाहीत. कारखान्यानं कायमचा झाकून दिलाय."

अप्पा लेथवर काम करायचे; मशिनवर चढवलेल्या तुकड्याला ते जॉब म्हणत. बत्तीस वर्षांपूर्वी पोलादाची कपची उडून त्यांचा डावा डोळा गेला होता. त्या जागी काचेचा होता. उरलेला उजवा कधी एका जागी ठरत नसे. बोलताना, जेवताना, पेपर वाचताना तो सारखा इकडून तिकडे फिरत राही. आई त्याला टेबलफॅन म्हणायची.

ठिपका अप्पांनाही दिसेनासा झाला. ते मात्र हसले नाहीत.

"म्हणजे तुमचं भोक दुसरा डोळा भरतो," ते म्हणाले. "माझं बत्तीस वर्षं उघडंच आहे."

पत्रकाचा दुसरा भाग नकाशाचा होता. बाहेरच्या खोलीत रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवर धाकटीनं मोठा कागद चिकटवला, त्यावर फुली काढली आणि अप्पांचा डोळा भिंतीपासून बरोबर एक मीटरवर येईल अशी खुर्ची ठेवली. मग फुलीच्या उजवीकडे ती पेन्सिलीचं टोक फिरवू लागली. टोक नाहीसं झालं की अप्पा "गेलं" म्हणत, दिसलं की "आलं". प्रत्येक वेळी ती तिथं ठिपका देई.

"अप्पा, डोळा हलवू नका. फुलीवरच ठेवा."

"सवय नाही गं."

"प्रयत्न करा."

ठिपके जोडल्यावर अंड्यासारखा आकार झाला. उंची तेरा सेंटिमीटर, रुंदी नऊ. पुस्तकात दिलेलं मापही साधारण तेवढंच होतं. दुसऱ्यांदा तेरा, तिसऱ्यांदा चौदा. शेवटच्या खेपेला अप्पांचा डोळा चांगला स्थिर राहिला होता. फरक पेन्सिलीच्या टोकाचा असणार, म्हणून तिनं सरासरी काढली. पण एवढ्यानं तिचं समाधान होईना. रविवारी तिनं पुन्हा तीन रीडिंगं घेतली. सोळा आलं. तिन्ही वेळा सोळा.

नसेला सूज आली की अंधबिंदू वाढतो, हे तिनं वाचलं होतं. आणि अप्पांकडे डोळा एकच होता. तो गेला तर अप्पांचं सगळंच गेलं: पेपर, रोजचा फेरफटका, पेटीतली अवजारं काढून तेल लावत बसणं.

सोमवारी सकाळी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी थेंब घातले, आत उजेड टाकून पाहिलं, दाब मोजला, यंत्रावर बसवून नकाशा काढला.

"नस स्वच्छ आहे. अंधबिंदू जेवढा असायला हवा तेवढाच," डॉक्टर म्हणाल्या. "घरी पेन्सिलीनं मापताना होते गडबड. काळजी करू नका."

घरी आल्यावर अप्पा आपणहून खुर्चीत बसले. "घे माप. एकदाची तुझ्या जिवाला शांतता."

वीस.

आणि आकार आता अंड्यासारखा नव्हता. वरचा भाग गोल होता, त्याखाली दोन्हीकडून आत गेला होता, मग एकदम रुंद झाला होता. ठिपके जोडता जोडता धाकटीचा हात थांबला. तिनं शनिवारचा, रविवारचा आणि आजचा कागद शेजारी शेजारी ठेवले. बारकाईनं पाहिल्यावर रविवारच्या कागदावरही तेच होतं, फक्त लहान होतं म्हणून लक्षात आलं नव्हतं.

अप्पांनी पेटीतून कॅलिपर आणला. डोकं मापलं, खांदे मापले, एकूण उंची मापली, रविवारच्या आणि आजच्या कागदावर. मग कॅलिपर मिटून मांडीवर ठेवला.

"हे वाढत नाहीये, धाकटे," ते म्हणाले. "प्रमाण तेच आहे. जॉब तोच. फक्त जवळ आलाय."

"काहीतरीच काय बोलता अप्पा!"

"तू शिकलेली आहेस. हिशेब करून बघ."

हिशेब साधा त्रैराशिकाचा होता. एक मीटरवरच्या कागदावर वीस सेंटिमीटर दिसणारी वस्तू साधारण माणसाएवढी, म्हणजे एकशे साठ सेंटिमीटर धरली, तर ती आठ मीटरवर असते. रविवारचे सोळा म्हणजे दहा मीटर. शनिवारचे तेरा म्हणजे बारा मीटरच्या थोडं पलीकडे.

दुपारी उन्हात ती टेप घेऊन बाहेर गेली. खुर्ची, फुलीच्या उजवीकडची ती जागा आणि तिथून पुढे सरळ रेघ. बारा मीटर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला येत होते. दहा मीटर रस्त्याच्या मधोमध. आठ मीटरवर टेप ज्याला टेकली ते त्यांचं स्वतःचं फाटक होतं.

फाटक उघडं होतं.

"कोण उघडं टाकतं गं हे?" आईनं खिडकीतून विचारलं. "सकाळपासून दोनदा लावलं मी."

मंगळवारी ती माप घेणार नव्हती. पण अप्पांनी हट्टच धरला, आणि खरं सांगायचं तर तिलाही कळायला हवं होतं. बत्तीस आलं. म्हणजे पाच मीटर. फाटकाच्या आत, अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी.

ती बाहेर आली. आईनं तासाभरापूर्वी दोरीभर कपडे घातले होते. आता मधले कपडे दोन्हीकडे सरकून एकमेकांवर गोळा झाले होते. मधे दोरी मोकळी होती. कोणी कपडे बाजूला सारून पुढे आलं, तर मागे राहील तेवढीच. वारा अजिबात नव्हता.

धाकटीनं ते कपडे नीट केले नाहीत. ती आत आली आणि भिंतीवरचा कागद फाडून काढला.

"आता पुरे, अप्पा. शपथ आहे तुम्हाला माझी."

बुधवारी काही झालं नाही. गुरुवारीही नाही. फाटक लावलेलं राहिलं, कपडे जागच्या जागी वाळले. अप्पांचा डोळा पुन्हा टेबलफॅनसारखा फिरू लागला आणि त्याच्याकडे पाहता पाहता धाकटीच्या लक्षात आलं. बत्तीस वर्षं तो डोळा सवयीनं फिरत नव्हता. तो कशाला तरी ठरू देत नव्हता. अप्पांना स्वतःलाही ठाऊक नसेल. आणि तिनं त्यांना खुर्चीत बसवून बजावलं होतं, डोळा हलवू नका. एकदा नाही, दर खेपेला तीन-तीनदा.

तिनं हे अप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अर्धा कट मारून जॉब मशिनवर ठेवून घरी गेलो, असं कधी केलं नाही मी," ते म्हणाले.

"हा जॉब नाही, अप्पा."

"बरं बाई."

ते "बरं बाई" म्हणाले की आपलंच खरं करतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी शुक्रवारी ती कचेरीत गेली. अर्ध्या दिवसात तिचं लक्ष एका ओळीवर ठरलं नाही. दुपारी दोनला ती घरी परतली.

फाटक लावलेलं होतं. अंगणात काही नव्हतं. आतून आईच्या भांड्यांचा आवाज येत होता.

बाहेरच्या खोलीत खुर्ची तिच्या जागी होती, भिंतीपासून मोजून ठेवलेली. जमिनीवर अप्पांची लोखंडी पट्टी पडली होती, तिच्या टोकाला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. भिंतीवर नवा कागद होता. रेघ कागदावर मावली नव्हती. ती वर चुन्यावर गेली होती, खाली फरशीपर्यंत उतरली होती. डोकं, खांदे, लोंबते हात. धाकटी टेप आणायला गेली नाही. ती आकृतीशेजारी नुसती उभी राहिली. आकृती तिच्याहून चार बोटं उंच होती.

"आलीस?"

अप्पा पलंगावर टेकून बसले होते. चेहरा ताजातवाना. ते तिच्याकडे पाहत होते.

"झालं काम," ते म्हणाले. "आता भोक नाही."

"म्हणजे?"

"बघ की तपासून. पेन्सिल आण."

तिनं पेन्सिल घेतली. अप्पांनी तिच्या नाकाच्या शेंड्याकडे पाहिलं आणि तिनं टोक उजवीकडे फिरवलं, वर, खाली, आणखी लांब.

"दिसतंय," अप्पा म्हणाले. "दिसतंय. दिसतंय."

एकदाही गेलं नाही. असा डोळा माणसाला नसतो.

अप्पांचा डोळा हलत नव्हता.

आई चहाची किटली आणि तीन कप घेऊन आली. "कसे टवटवीत दिसतायत बघ! दुपारभर त्या भिंतीशी काय करत होते कोण जाणे. रंग काढायला लागणार आता."

"मी ओततो," अप्पा म्हणाले.

एका डोळ्याच्या माणसाला अंतराचा नीट अंदाज येत नाही. त्यासाठी दोन जागांवरून बघावं लागतं. म्हणून अप्पा ओतताना आधी किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून घेत, टक्, आणि मगच कलती करत. घरातल्या एकूण एक कपाच्या काठाचा त्यामुळे टवका उडालेला होता.

अप्पांनी किटली कपाच्या वीतभर वर धरली आणि ओतली. तिन्ही कप भरले. थेंबही बाहेर सांडला नाही. ते कपांकडे पाहत नव्हते, धाकटीकडे पाहत होते.

आईनं आपला कप उचलला. "चला," ती कौतुकानं म्हणाली, "माझे कप तरी वाचले आता."